अपुरी तयारी, पुरा पल्ला

लांब पल्ल्याच्या शर्यतींत अलीकडे ट्रायथलॉनचे नाव फार घेतले जाते. पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे या तीन गोष्टी मध्ये खंड न पाडता एकापाठोपाठ एक करावयाच्या, असे तिचे स्वरूप असते. तिच्या एका अतिशय कठीण प्रकारास 'आयर्नमॅन', म्हणजे लोहपुरुषाची शर्यत, असे नाव पडले आहे. तीत सुमारे ३.८ किलोमीटर पोहावे लागते, १८० किलोमीटर सायकल चालवावी लागते आणि अखेरीस ४२.२ किलोमीटरांची संपूर्ण मॅरेथॉन धावावी लागते. हे सारे बहुधा १७ तासांच्या आत पुरे व्हावे लागते. अशा शर्यतीत उतरणाऱ्यांत नामांकित खेळाडू थोडे असतात. नोकरीधंदा सांभाळून सकाळ-संध्याकाळ मिळेल तेवढा वेळ सरावाला देणारी माणसेच त्यांत पुष्कळ असतात. तयारी अपुरी असूनही त्यांच्यापैकी बरेच जण पल्ला पुरा करतात. तो ते कशाच्या बळावर करतात, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही. ट्रायथलॉनचा जन्म व्हावयाच्या कितीतरी आधी महाराष्ट्राच्या भूमीवर तो एकदा उभा राहिला होता. त्या वेळी तो ज्याने ओळखला तो गृहस्थ लोखंडाच्याच शोधात आयुष्य घालविलेला होता. आणि त्याच्या त्या शोधाची एक वाट आजच्या भिलाईच्या परिसरातून गेलेली आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. या कारखान्याला अनेक दशके लोहखनिज पुरविले ते दल्ली-राजहरा येथील डोंगरांनी. हे डोंगर आज छत्तीसगड राज्याच्या बालोद जिल्ह्यात मोडतात. पूर्वी ते दुर्ग जिल्ह्यात होते, आणि दुर्ग जिल्ह्याचा कारभार १९५६ सालापर्यंत नागपूरहून चालत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी जमशेटजी टाटांचे चिरंजीव दोराबजी हे वेल्ड नावाच्या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन चांदा जिल्ह्यात लोखंडाचा तपास करीत होते. तेथे निराशा पदरी आल्यावर दोराबजी ते वर्तमान सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले. अधिकाऱ्यांची भेट होण्यास थोडा अवकाश होता, म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्यप्रांताचा एक भूगर्भविषयक नकाशा त्यांच्या दृष्टीस पडला. त्यात दुर्ग जिल्ह्याच्या भागावर लोखंडाची खूण होती. प्रमथनाथ बोस या भारतीय भूगर्भशास्त्रज्ञाने त्या भागाची पाहणी पूर्वीच करून ठेवली होती. दोराबजी आणि वेल्ड त्या डोंगरांवर चढून गेले, तेव्हा पायाखालचा दगड धातूसारखा वाजत होता, असे सांगतात.

खनिज उत्कृष्ट होते. तथापि कारखाना तेथे निघाला नाही. भट्टीला लागणारा कोळसा जवळपास नव्हता, आणि पाण्याचीही सोय नव्हती. पुढे बोस यांच्याच सूचनेवरून मयूरभंजकडील खाणींचा शोध लागला आणि टाटांचा कारखाना साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपुरात, उभा राहिला. राजहऱ्याचे डोंगर पन्नासहून अधिक वर्षे तसेच राहिले. खनिज कितीही उत्तम असले तरी कोळसा, पाणी आणि चुनखडी यांच्यावाचून त्याचे पोलाद होत नाही, हा धडा दोराबजींनी त्या रानात प्रत्यक्ष घेतला होता.

असाच प्रसंग पुढे पंधरा-सोळा वर्षांनी त्यांच्यासमोर पुण्यात आला. १९०६ साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याने १९१९ साली मैदानी सामने भरविले, तेव्हा अध्यक्षस्थानी दोराबजी टाटा होते. ते स्वतः केंब्रिजला शिकलेले आणि खेळांचे भोक्ते होते. तेथील मुख्य शर्यत सुमारे पंचवीस मैलांची होती आणि तिला मॅरेथॉन असेच नाव दिलेले होते. धावणारे बहुतेक शेतकरी वर्गातले होते. खडीच्या व मातीच्या रस्त्यांवरून अनवाणी धावण्याची त्यांना सवय होती. शास्त्रशुद्ध सराव म्हणजे काय, ठरावीक आहार म्हणजे काय, मार्गावर टप्प्याटप्प्याने पाणी कसे घ्यावे, यांपैकी कशाचीही त्यांना ओळख नव्हती. सामन्यांची व्यवस्थाही अगदी प्राथमिक स्वरूपाची होती. असे असूनही पहिल्या तीन-चार जणांनी लावलेला वेळ युरोपातील धावपटूंच्या वेळेशी ताडून पाहण्यासारखा निघाला. ही सारी हकीकत दोराबजींनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे.

या अनवाणी धावण्याचे नुसते कौतुक करून दोराबजी थांबले नाहीत. या माणसांना योग्य शिक्षण आणि योग्य अन्न मिळाले तर ती हिंदुस्थानचे नाव राखतील, असे त्यांचे मत झाले, आणि पुढच्याच वर्षी बेल्जियममधील अँटवर्प येथे भरणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांसाठी त्यांना पाठविण्याचा घाट त्यांनी घातला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांचे साहाय्य मिळाले आणि प्रवेशाची परवानगीही मिळाली. खर्चाचा मोठा भार दोराबजींनी स्वतः उचलला. अशा रीतीने सहा जणांचे पथक निघाले. भारतातून निवडून ऑलिंपिकला गेलेले हे पहिलेच पथक होय. त्यात बंगालचे पूर्मा बॅनर्जी होते, शिंदे आणि नवले हे मल्ल होते, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूंत बेळगावचे फडेप्पा चौगुले व सदाशिव दातार होते.

त्यांच्या तयारीचा हिशेब आज मांडला तर तो अगदी तुटपुंजा ठरतो. निवड झाल्यापासून शर्यतीपर्यंतचा काळ महिन्यांत मोजावा इतकाच होता. त्यातला काही समुद्रप्रवासात गेला, आणि पद्धतशीर सरावासाठी हाती उरले ते इंग्लंडमधील काही आठवडे. देश परका, हवा परकी, अन्न परके. त्यातून अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब आखलेली होती. तिचा मार्ग ४२.७५ किलोमीटरांचा होता, आणि ऑलिंपिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन पुन्हा झालेली नाही. २२ ऑगस्ट १९२० रोजी, गार आणि पावसाळी हवेत ती सुरू झाली.

फिनलंडचा हानेस कोलेमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५.८ सेकंदांत पहिला आला. बेळगावचे चौगुले २ तास ५० मिनिटे ४५.४ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. इतिहासाच्या पुस्तकात यापलीकडे फारसे काही लिहिलेले आढळत नाही. कारण एकोणिसाव्या क्रमांकाला पदक नसते.

परंतु हे आकडे जरा सावकाश वाचले तर ते बोलू लागतात. पावणेत्रेचाळीस किलोमीटर धावताना चौगुल्यांनी किलोमीटरमागे सरासरी चार मिनिटांची गती राखली. आज सर्व साधने हाताशी असलेल्या हौशी धावपटूंपैकी फार थोड्यांना ती साधते. त्यांच्यात आणि विजेत्यात अंतर पडले ते किलोमीटरमागे सुमारे पंचवीस सेकंदांचे. हे पंचवीस सेकंद कशाचे, हा खरा इतिहासाचा प्रश्न आहे.

ते कष्टांचे होते असे म्हणता येणार नाही. कोलेमाइनेन हाही श्रीमंताघरचा नव्हता. गवंडीकाम करून तो पोट भरीत असे. सामर्थ्याचे म्हणावे तर ते चौगुल्यांनी सिद्धच केले होते. फरक होता तो वर्षांचा आणि व्यवस्थेचा. कोलेमाइनेनने १९१२ सालच्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्येच तीन सुवर्णपदके मिळविली होती. त्यानंतरची आठ वर्षे तो क्लबांच्या शर्यतींत, आपल्यापेक्षा सरस व बरोबरीच्या धावपटूंच्या सहवासात धावत राहिला. केव्हा वेग धरावा, केव्हा सोडावा, कोणाच्या मागे राहावे, केव्हा पुढे निघावे, हे त्याला शेकडो शर्यतींनी शिकविले होते. चौगुल्यांच्या देशात असल्या शर्यतीच नव्हत्या. राजहऱ्याच्या खनिजाला जशी कोळशाची व पाण्याची उणीव होती, तशीच ही उणीव होती.

दातारांचे थांबणेही याच हिशेबात धरावयास हवे. लांबच्या पल्ल्यात शर्यत अर्धी सोडणे हा भेकडपणा समजण्याची चूक पुष्कळांकडून होते. वस्तुतः शरीराचा व्यवहार अगदी रोखठोक असतो. स्नायूंत आणि यकृतात साठलेली शर्करा साधारणतः दीड ते दोन हजार किलोकॅलरींचे इंधन पुरविते, आणि वेगाने धावणाऱ्याला ते तिशीच्या आसपासच्या किलोमीटरांपर्यंतच पुरते. त्यापुढे शरीराला चरबीवर भिस्त ठेवावी लागते. आणि चरबीतून शक्ती मिळते ती सावकाश. वर्षानुवर्षांच्या सरावाने स्नायू चरबीचा उपयोग अधिक चांगला करू लागतात, आणि हाडांना व सांध्यांच्या बंधांना आघात सोसण्याची सवय होते. दमश्वास काही महिन्यांत वाढतो. परंतु सांध्यांचे बंध बळकट होण्यास त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. म्हणूनच थोडक्या तयारीच्या माणसाचा ऊर पुढे धावू पाहतो आणि गुडघे मागे ओढतात. असा माणूस शेवटाला पोचतो तो आपली गती आरंभीच आवरून धरल्यामुळे. एका दिवसात दोघांपैकी कोणाचे गणित जमेल आणि कोणाचे चुकेल, हे सांगणे कठीण असते.

ट्रायथलॉनचा स्वतःचा इतिहासही या निरीक्षणाला दुजोराच देतो. हवाई बेटांवर पोहणारा, सायकलस्वार आणि धावणारा यांपैकी अधिक दणकट कोण, असा वाद निघाला होता. अमेरिकन नौदलातील जॉन कॉलिन्स या अधिकाऱ्याने तेथील तीन वेगवेगळ्या शर्यती एकत्र जोडून तो वाद मिटविण्याची युक्ती काढली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पंधरा जण या पहिल्या शर्यतीत उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली. पूर्वी अशी शर्यतच कोणी केलेली नसल्यामुळे तिची पूर्वतयारी कोणालाच ठाऊक नव्हती. त्या अर्थाने सगळ्यांचीच तयारी अपुरी होती. गॉर्डन हॅलर हा ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. बराच वेळ पुढे असलेला जॉन डनबार मागे पडला. त्याच्या मदतनिसांजवळचे पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली, ही गोष्ट आजही हसत हसत सांगितली जाते. स्वतः कॉलिन्सने सुमारे सतरा तास घेतले. पण तो पोचला, आणि पुढे अशा शर्यतींत सतरा तास हीच कालमर्यादा ठरली.

याच शर्यतीत फेब्रुवारी १९८२ मध्ये घडलेला प्रसंग जगभर गाजला. ज्यूली मॉस ही विद्यार्थिनी व्यायामशास्त्राच्या आपल्या प्रबंधासाठी म्हणून शर्यतीत उतरली होती. तिचा सराव बेताचाच होता. तरीही ती स्त्रियांत आघाडीवर आली आणि शेवटपर्यंत आघाडीवरच राहिली. परंतु अंतिम रेषा अगदी डोळ्यांसमोर असताना तिच्या पायांतले त्राण गेले. ती पडली, उठली, पुन्हा पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिच्या बाजूने पुढे निघून गेली आणि विजयी झाली. ज्यूली हातापायांवर रांगत रेषेपर्यंत गेली. दूरचित्रवाणीवर हे दृश्य पाहून हजारो सामान्य माणसे या खेळाकडे वळली. परंतु त्या दृश्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी घ्यावयास हवा. थोड्या तयारीवर माणूस किती दूर जाऊ शकतो हे त्यात दिसते. आणि तयारीतली उणीव शरीर शेवटच्या काही पावलांत कशी वसूल करून घेते, हेही त्यातच दिसते.

आपल्याकडे या शर्यतीची हवा पसरली ती मुख्यतः २०१५ सालानंतर. त्या वर्षी मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर स्वित्झर्लंडमधील झुरिकची आयर्नमॅन शर्यत १५ तास १९ मिनिटांत पुरी केली, आणि ती बातमी मराठी घराघरांत वाचली गेली. चित्रपटातला नट एवढीच ज्यांना त्यांची ओळख होती त्यांना आश्चर्य वाटले. परंतु सोमण हे तरुणपणी पोहण्यातील राष्ट्रीय विजेते होते, आणि चाळिशीनंतर ते वर्षानुवर्षे लांबचे पल्ले धावत आलेले होते. पोहणे हे या शर्यतीचे असे अंग आहे की जेथे जिद्दीपेक्षा लहानपणी अंगी मुरलेली कला अधिक उपयोगी पडते. पाण्याशी झगडणारा माणूस कितीही बळकट असला तरी लवकर थकतो. पुढे २० ऑक्टोबर २०१९ रोजी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर याच शर्यतीचा अर्ध्या अंतराचा सामना भरला. भारतातील असा तो पहिलाच सामना होता. त्यात १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे होते. परदेशी जाण्याची ऐपत नसलेल्यांना त्यामुळे हे दार थोडे उघडले.

या सर्व दाखल्यांवरून एक गोष्ट ध्यानात येते. 'अपुरी तयारी' म्हणून जी सांगितली जाते ती क्वचितच कोरी पाटी असते. पुण्याच्या मैदानावर उतरलेल्या शेतकऱ्यांना सराव नव्हता असे आपण म्हणतो. परंतु त्यांच्या पायांना लहानपणापासून मैलोगणती चालण्याची आणि धावण्याची सवय होती. जुन्या पोहणाऱ्याने पाण्यात घालविलेली वर्षे त्याच्या खांद्यांत शिल्लक असतात. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याची पोटरी खुर्चीत बसणाऱ्याच्या पोटरीसारखी नसते. वहीत न लिहिलेली ही तयारी असते. माणसाला अंतिम रेषेपर्यंत नेते ती बरीचशी हीच पुंजी. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने दुसऱ्याची हकीकत ऐकून उडी घेऊ नये. आपल्या खात्यात काय जमा आहे हे प्रामाणिकपणे पाहूनच गती ठरवावी.

आणखी एक भेद येथे करावयास हवा. आजच्या हौशी माणसाची तयारी अपुरी राहते ती बहुधा वेळ नसल्यामुळे, आणि ती उणीव त्याने आपखुशीने पत्करलेली असते. चौगुले-दातारांची तयारी अपुरी राहिली ती साधने नसल्यामुळे, आणि ती निवडण्याचा अधिकार त्यांना नव्हता. खाशाबा जाधवांची कथाही याच जातीची आहे. मातीत वाढलेला हा मल्ल १९४८ साली लंडनला गादीवर लढला आणि सहावा आला. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, तेव्हा कुठे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक खाशाबांना आणता आले. तयारीची उणीव कोणीतरी भरून काढावीच लागते. व्यवस्थेने ती भरली नाही, तर एखाद्या दोराबजीने किंवा एखाद्या खर्डेकराने ती भरावी लागते. आणि तेही मिळाले नाहीत तर खेळाडू ती आपल्या शरीराने भरतो.

अँटवर्पहून दोराबजी हेच शिकले असावेत, असे त्यांच्या पुढील कार्यावरून दिसते. अनवाणी धावणाऱ्यांच्या गुणगानावर त्यांनी समाधान मानले नाही. गावोगावच्या क्रीडासंस्था एकत्र आणणे, निवडीचे सामने भरविणे आणि खेळाडूंना शिकविणारी माणसे तयार करणे या कामाला त्यांनी हात घातला. १९२४ साली पॅरिसला भारताचे पथक गेले आणि १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघाची स्थापना होऊन दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. १९३२ साली ते निवर्तले, तोवर निदान या कामाची चौकट उभी राहिली होती.

दल्ली-राजहऱ्याचे डोंगर त्या वेळी अद्याप अस्पर्शच होते. पुढे झरियाचा कोळसा, नंदिनीची चुनखडी आणि तांदुळा जलाशयाचे पाणी ही सारी एकत्र आल्यावर त्या खनिजाचे पोलाद झाले. भिलाईच्या त्या कारखान्यात पाळ्यांनी काम करणाऱ्या माणसालाही आपली पाळी सांभाळून लांबच्या पल्ल्याचा विचार करता येईल. मात्र तो करताना अनवाणी पायांच्या कौतुकाबरोबरच त्या पंचवीस सेकंदांचाही विचार त्याने करावा. पहिल्या गोष्टीतून त्याला धीर मिळेल, आणि दुसरीतून त्याला व त्याच्या गावाला अजून काय करावयाचे आहे ते कळेल. अँटवर्पच्या निकालपत्रात एकोणिसाव्या ओळीवर बेळगावच्या चौगुल्यांचे नाव शंभर वर्षांनंतरही वाचता येते. शर्यत पुरी केल्यावाचून ते तेथे आले नसते.